तिरकं म्हणजे किती?

रविवारी सकाळी आठ वाजता आईने नव्या घराच्या दाराबाहेर खुर्ची मांडली आणि आत यायला नकार दिला.

सामानाचा टेंपो रिकामा होऊन परत गेला होता. कपाटं, पलंग, भांड्यांची खोकी आणि आत्या एवढं सगळं घरात पोचलं होतं. आई तेवढी जिन्याच्या चौकात राहिली होती. हमाल खुर्ची आत नेत असताना तिने त्याला थांबवलं, खुर्ची भिंतीशी लावून घेतली, मांडीवर रुमाल उलगडला आणि त्यातून बोटभर लांबीची एक पितळी डबी काढून मुलाच्या हातावर ठेवली. ही दाराच्या चौकटीला लागेपर्यंत आपण उंबरा ओलांडणार नाही, असं तिने सांगितलं. आवाज चढवला नाही. आवाज चढवणाऱ्या माणसांशी तडजोड करता येते, ही त्यातली खरी अडचण.

डबी म्हणजे मेझुझा. ज्यू घराच्या दाराला, आत शिरताना उजव्या हाताला ती लावतात. आत शास्त्रवचनं हाताने लिहिलेली चामड्याची सुरळी असते. येता-जाता बोटांनी तिला स्पर्श करून बोटं ओठांना लावायची. जुन्या घराच्या दारावर ही डबी आईच्या लग्नापासून होती. घर विकल्यावर आईने ती स्वयंपाकघरातल्या सुरीने स्क्रू फिरवून स्वतः काढली होती, कारण पुढे तिथे राहायला येणारा दंतवैद्य ज्यू नव्हता आणि त्याच्या दाराची काळजी घ्यायला त्याचा देव समर्थ होता.

सुनेने सिनेगॉगच्या व्यवस्थापकाला फोन लावला. नव्या घरात मेझुझा लावायला महिनाभराची सवलत असते, असं त्याने सांगितलं. सुनेने तो निरोप दाराबाहेर पोचवला.

"त्याला महिना लागत असेल," आई म्हणाली. "मला बसायला खुर्ची आहे."

मुलगा पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन होता. शहराखालून जाणाऱ्या नळांचे नकाशे काढणं हे त्याचं काम. नळ जमिनीखाली कसेही गेलेले असोत, कागदावर ते सरळ जात. सरळपणावर त्याची श्रद्धा होती, आणि हीच त्याची एकमेव निर्विवाद श्रद्धा होती, कारण बाकीच्या बाबतीत त्याची परिस्थिती जरा गुंतागुंतीची होती.

आई ज्यू, वडील कॅथलिक. आईकडच्या नियमाप्रमाणे ज्यू आईचं मूल ज्यूच असतं, ते पुढे काय करतं हा त्याचा प्रश्न. वडिलांकडच्या नियमाप्रमाणे एकदा बाप्तिस्मा झाला की तो पुसता येत नाही. दोन्हीकडच्या मंडळींनी घाई केली होती. जन्मल्यानंतर थोड्याच दिवसांत एका धर्माने सुंता करून त्याला रडवलं आणि थोड्याच आठवड्यांत दुसऱ्याने भिजवलं. अशा माणसाला सुट्ट्या दुप्पट मिळत असणार, असा ऑफिसात समज होता. सुट्ट्या त्याला इतरांइतक्याच मिळत. दुप्पट मिळत ती बोलणी. शनिवारी सिनेगॉगमध्ये गेला नाही की एक फोन, रविवारी चर्चमध्ये दिसला नाही की दुसरा. सिनेगॉगमध्ये प्रार्थनेसाठी दहा पुरुष लागतात. नऊच जमले की तो अस्सल ज्यू ठरे, आणि अकरावा दारात दिसला की कुणालातरी त्याचा बाप्तिस्मा आठवे. चर्चमध्ये बाकं हलवायची असली की तो आपला माणूस असे, बाकांवर बसल्यावर शेजारचा आदराने विचारी, "तुमच्यात हे कसं असतं हो?" दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो असं म्हणण्याची सोय नव्हती, कारण दोन्हीकडे त्याला भरपूर वाढत. फक्त पान कुठे मांडायचं ते ठरत नसे.

तर ड्राफ्ट्समनने डबी घेतली. पंधरा मिनिटांचं काम आहे, असं त्याने बायकोला सांगितलं. त्या दिवशी त्याने केलेल्या चुकीच्या विधानांपैकी हे पहिलं.

ओळंबा सोडून त्याने चौकटीवर पेन्सिलीची उभी रेघ मारली, पाणसळ लावून बुडबुडा मध्यावर आणला, भोकं पाडली आणि डबी बसवली. एवढी सरळ वस्तू त्या इमारतीत दुसरी नव्हती, इमारतही नव्हती. तो दोन पावलं मागे सरला. आई उठली, दारापर्यंत आली, वर बघितलं, आणि परत जाऊन खुर्चीवर बसली.

"काय झालं?"

"उभी लावलीस."

"सरळ लावली."

"तिरकी असते. जुन्या दारावर जन्मभर बघितलीस."

बघितली होती. पण आजवर त्याची प्रामाणिक समजूत होती की वडिलांना ती नीट बसवता आली नव्हती. एका कॅथलिक माणसाने बायकोच्या हौसेखातर जमेल तशी ठोकली असेल, असं धरून त्याने लहानपणापासून वडिलांना मनातल्या मनात माफ करून टाकलं होतं.

मग आईने चौकातच त्याला सांगितलं ते असं. फार पूर्वी दोन पंडित होते. नात्याने आजोबा आणि नातू. आजोबांचं मत, डबी उभी हवी. नातवाचं मत, आडवी हवी. दोघेही थोर, दोघांनाही आधार. मागून आलेल्या लोकांनी ती तिरकी लावली.

"म्हणजे दोघांचंही ऐकलं नाही," ड्राफ्ट्समन म्हणाला.

"दोघांचंही ऐकलं," आई म्हणाली. "या घरात जन्मून तुला हे सांगावं लागतं?"

या घरात म्हणताना तिने घराकडे हात केला नाही, त्याच्याकडे केला. तो दुखावला, पण दुखावून घ्यायला वेळ नव्हता. त्याने कामाचा प्रश्न विचारला: तिरकं म्हणजे किती? आई म्हणाली, तिरकं म्हणजे तिरकं. त्याने कोनमापक आणला. व्यवस्थापकाला फोन केला. व्यवस्थापकाने, आपल्या आयुष्यात हे प्रथमच कुणी विचारलं, असं सांगून फोन ठेवला. आत्या त्या वेळी चर्चला निघाली होती. जाता जाता तिने चौकटीकडे एक नजर टाकली आणि वहिनींना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, दोन म्हाताऱ्यांचं पटलं नाही म्हणून एका तरुणाने रविवार घालवायचा हे काही बरं नाही, असं म्हणत जिना उतरली. आत्या, म्हणजे वडिलांची अविवाहित बहीण, आईच्या संसारात पहिल्यापासून होती. या दोघींनी एका स्वयंपाकघरात आयुष्य काढलं होतं आणि त्याबद्दल एकमेकींना माफ केलं नव्हतं.

दुपारी डबी तिरकी लागली. पेन्सिलीची सरळ रेघ आणि चुकीची भोकं तशीच राहिली. आईने बोटं लावली, ओठांना लावली आणि घरात आली. प्रकरण इथे संपायला हवं होतं, असं ड्राफ्ट्समन अजूनही म्हणतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबी सरळ होती.

त्याने स्क्रू सैल करून ती तिरकी केली. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा सरळ होती, आणि स्क्रू आधीपेक्षा घट्ट होते. आईचा संशय आत्यावर गेला. तिने आत्याला मीठ देणं बंद केलं, म्हणजे मागितलं तरी ऐकू न येणं सुरू केलं. आत्यानेही आरोप कळल्याचं दाखवलं नाही आणि अळणी जेवली.

गुन्हेगार चौथ्या दिवशी सापडला. वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहत. गणित शिकवलेले, फिरायला जाताना इमारतीतल्या सगळ्या पायपुसण्या काटकोनात लावणारे. ते खिशातल्या स्क्रू-ड्रायव्हरने शांतपणे डबी सरळ करत असताना ड्राफ्ट्समनने दार उघडलं. मुख्याध्यापक दचकले नाहीत. आभाराची अपेक्षा नाही, शेजारधर्म आहे, असं ते म्हणाले. ड्राफ्ट्समनने त्यांना आजोबा-नातवाची गोष्ट सांगितली. त्यांनी ती लक्षपूर्वक ऐकली आणि दोन चुकीच्या उत्तरांची सरासरी काढून बरोबर उत्तर येत नाही, हे तीस वर्षं मुलांना सांगून आपला घसा बसला, असं सांगून ते फिरायला गेले.

यात ड्राफ्ट्समनचं मन त्याच्या बाजूने नव्हतं, हे त्याचं खरं दुःख. मुख्याध्यापकांचं म्हणणं त्याला पटलं होतं.

आत्या निर्दोष ठरली. मीठ पुन्हा मिळू लागलं. माफी कुणी मागितली नाही.

एवढ्यात आणखी एक गोष्ट झाली होती. पार्सल देणारी मंडळी डबीला घंटा समजून दाबत होती. दाबत, थांबत, परत दाबत, आणि घरी कुणी नाही असा शेरा मारून पार्सल परत नेत. सुनेच्या चपला अशा दोनदा गावभर फिरून आल्या. आई मात्र हे दारातल्या भोकातून बघायची आणि तिला भरून यायचं. दारावर येणारा प्रत्येक माणूस थांबून, बोट लावून, अदबीने उभा राहतो आणि मगच जातो; जुन्या घरी असा धर्म कुणी पाळला नव्हता.

आठवडा संपताना सोसायटीचे सेक्रेटरी आले. त्यांना बसायला सांगितलं तर ते उभे राहिले, म्हणजे भेट अधिकृत होती. दाराची आतली बाजू मालकाची, बाहेरची बाजू सोसायटीची, आणि चौकटीची जाडी कुणाची याबद्दल नियमावलीत काही नाही; ती उणीव आपणच पुढल्या सभेत भरून काढणार आहोत, असं त्यांनी सांगितलं. तोवर प्रश्न एवढाच, की ही वस्तू सजावट आहे, दुरुस्ती आहे की धार्मिक चिन्ह? सजावटीला मनाई आहे. दुरुस्तीला आधी परवानगी हवी. धार्मिक चिन्ह चालतं, पण एका घराला एक.

धार्मिक चिन्ह, ड्राफ्ट्समन म्हणाला.

"मग घराचा धर्म कोणता?" सेक्रेटरींनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर ड्राफ्ट्समन शाळेपासून टाळत आला होता. माणसाचा नव्हे, घराचा विचारलाय, तेव्हा तेवढं कठीण जाऊ नये, असं त्याला क्षणभर वाटलं. त्याने चौघांची माहिती द्यायला सुरुवात केली. सेक्रेटरींनी हात वर करून त्याला थांबवलं. एका घराच्या जागी दोन धर्म लिहिता येत नाहीत. दारावर जे आहे ते लिहितो, असं म्हणून त्यांनी 'ज्यू' लिहिलं आणि ते जिना उतरले.

आत्या आतल्या खोलीत होती. तिचे कान म्हातारे झाले होते ते फक्त मिठापुरते.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत प्रार्थनेचं पुस्तक, दोन साड्या आणि औषधं. पिशवी दाराशी ठेवून ती तिच्या शेजारी उभी राहिली. तिने जे सांगितलं त्यात रडारड नव्हती. भाऊ गेला, तेव्हा हे घर त्याचं नाही हे ठीक. पण तो कधी नव्हताच असा पुसला जावा, हे ठीक नाही.

"वहिनींचं स्क्रूने लागतं, ते सोबत आलं," ती म्हणाली. "माझ्या भावाचं खडूचं होतं. ते तिथेच राहिलं."

खडूचं म्हणजे हे. कॅथलिक घरांत वर्षाच्या सुरुवातीला फादर येतात, घराला आशीर्वाद देतात आणि दाराच्या चौकटीच्या वरच्या फळीवर खडूने लिहितात: वर्षाचे दोन आकडे, मग तीन अक्षरं, मग वर्षाचे उरलेले दोन आकडे, आणि मध्ये मध्ये अधिकाच्या चिन्हांसारखे दिसणारे छोटे क्रूस. शेवटच्या वर्षी फादरांचा गुडघा दुखत होता. त्यांनी प्रार्थना खालूनच म्हटली आणि खडू वडिलांच्या हातात दिला. वडील स्टुलावर चढले. स्टूल हलतं होतं. ओळ डावीकडून उजवीकडे उतरत गेली, एखादा माणूस बोलता बोलता बसत जावा तशी. पुढचं वर्ष लागायच्या आत वडील गेले आणि ती ओळ पुसायची कुणाला इच्छा झाली नाही.

ड्राफ्ट्समनने आत्याला समजावलं. येत्या वर्षी फादरांना बोलावू, नव्या दारावर नवीन लिहून घेऊ.

"अक्षर कुणाचं असेल?" आत्याने विचारलं.

मग स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. आठवडाभरात ती प्रथमच आत्याच्या बाजूने बोलत होती आणि बहुधा म्हणूनच बाहेर आली नव्हती.

"फळी काढून आण," ती म्हणाली. "स्टूल मी धरलं होतं."

दुसऱ्या दिवशी ड्राफ्ट्समन रजा टाकून आईला आणि आत्याला घेऊन टेंपोने जुन्या घरी गेला. दंतवैद्याने पुढल्या खोलीत दवाखाना सुरूही केला होता. जुनं दार काढून काचेचं सरकतं दार बसवलेलं. चौकट मागच्या अंगणात पडली होती आणि वरच्या फळीवर रंगाचे डबे ठेवले होते. ड्राफ्ट्समनने डबे उचलले. ओळ शाबूत होती. एका क्रूसावर पिवळा शिंतोडा उडाला होता, एवढंच.

फळी नेऊ का, असं त्याने विचारलं. हीच चूक झाली. न विचारता नेली असती तर कचरा कमी झाला म्हणून दंतवैद्याने हात हलवून निरोप दिला असता. विचारल्यावर तो फळीजवळ आला आणि वाकून बघू लागला. ज्या फळीसाठी तिघं जण मुद्दाम टेंपो घेऊन येतात ती साधी फळी नसते, हे त्याच्या लक्षात आलं. लाकूड जुनं दिसतंय. लिहिलेलंही काहीतरी आहे. दवाखान्यात पेशंट बसतात तिथल्या भिंतीवर शोभेल. तो नाही म्हणाला, आणि फार सभ्यपणे म्हणाला.

ड्राफ्ट्समनने विनंती केली, मग मालकीहक्काचा मुद्दा मांडला, मग त्याच मुद्द्यावर स्वतःच हरला, कारण घर विकताना चौकट वगळली नव्हती. आई तोवर पेशंटांच्या खुर्चीत जाऊन बसली होती. तिच्या शेजारी आत्या बसली. दोघींनी हातांची घडी घातली. बसून राहणं ही आईची हातोटी होती, आणि आत्याने ती जवळून पाहिलेली होती.

पहिला पेशंट आला, त्याने दोघींना विचारलं, डॉक्टर बरे आहेत का. आईने उसासा टाकला. दुसऱ्याला आत्याने फक्त गालावर हात ठेवून दाखवला. तो दाराशीच वळला. जेवणाच्या वेळेपर्यंत दंतवैद्याने फळी स्वतः उचलून टेंपोत ठेवली.

वाऱ्याने खडू उडेल म्हणून ड्राफ्ट्समनने त्यावर बरोबर आणलेला बायकोचा केसांचा फवारा मारला. ऑफिसात पेन्सिलीचे नकाशे पक्के करायची ही जुनी युक्ती. फवारा चमेलीच्या वासाचा होता. टेंपोच्या मागच्या बाजूला आई आणि आत्या समोरासमोर बसल्या, फळी दोघींच्या मांड्यांवर आडवी. रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला दोघी एकदम फळी उचलून धरत, आणि एकदाही, तू नीट धर, असं कुणी म्हणालं नाही. ड्राफ्ट्समन पुढे बसून आरशात हे बघत होता.

घरी आल्यावर कळलं की फळी बसत नाही. जुनं दार मोठं होतं. नव्या दाराच्या वर, एका बाजूला भिंतीचा कोपरा आणि दुसऱ्या बाजूला विजेच्या मीटरची पेटी, यांच्यामधल्या जागेपेक्षा फळी हातभर लांब होती. आत लावायचं म्हटलं तर आतल्या भिंतीवर सुनेची माळ्याची कपाटं. सुतार म्हणाला, कापू. डावीकडून कापली तर वर्षाचे पहिले आकडे जात होते, उजवीकडून कापली तर शेवटचे. वडिलांनी फळीची एक इंच जागा वाया घालवली नव्हती. दोन्हीकडून थोडी थोडी कापू, असं सुतार म्हणाला, तेव्हा आईने त्याला चहाही न विचारता निरोप दिला.

ड्राफ्ट्समनने जागेचा नकाशा काढला. आयुष्यात प्रथमच त्याने सरळ रेघ बाजूला ठेवून कर्ण मोजला. फळी आडवी बसत नव्हती, उभी बसत नव्हती. एक टोक खाली, एक टोक वर अशी तिरकी धरली तर पेटी आणि कोपरा यांच्यात नेमकी जात होती. त्याने ती तशी लावली, डावं टोक खाली, उजवं वर. दात ओठ खाऊन लावली. मग सवयीने, फळीला नव्हे, तर वडिलांच्या ओळीखाली त्याने पाणसळ धरली.

उतरत गेलेली ओळ वर उचलली गेली होती. बुडबुडा अगदी मध्यावर नव्हता. पण त्याने सरळ केलेल्या कितीतरी नळांपेक्षा जवळ होता.

त्याने बायकोला हाक मारली आणि पाणसळ धरून दाखवली. ती म्हणाली, सगळं तिरकं दिसतंय, पण वास छान आहे.

आत्याने पिशवीतून औषधं काढून जागेवर ठेवली. साड्या अजून पिशवीतच आहेत. आत्या म्हणते, इस्त्री मोडेल.

पुढची हकिगत अशी. सेक्रेटरींचं म्हणणं आहे की आता दारावर दोन चिन्हं झाली, तेव्हा एक उतरवावं लागेल. कोणतं, ते कुटुंबाने ठरवून कळवावं. ड्राफ्ट्समनने, फळी ही विजेच्या पेटीची दुरुस्ती आहे, असा पवित्रा घेतला आहे. आत्याने फादरांना विचारलं, उपटून आणलेल्या फळीचा आशीर्वाद नव्या घराला लागतो का. फादर म्हणाले, विचार करून सांगतो. व्यवस्थापकाला कुणी काही विचारलेलं नाही.

मुख्याध्यापक परवा संध्याकाळी फळीखाली बराच वेळ उभे होते. ओठ हलत होते. नंतर त्यांनी दार वाजवून, म्हणजे विसरून डबी दाबून, दाबून, मग कडी वाजवून, ड्राफ्ट्समनला सांगितलं की फळी वाकडी आहे हे तर आहेच, पण त्याहून गंभीर म्हणजे ती बेरीज अपुरी आहे. आकडे आहेत, अधिकाची चिन्हं आहेत, पण अक्षरांच्या किमती दिलेल्या नाहीत, आणि उत्तरही नाही. कुणी लिहिलं? वडिलांनी, ड्राफ्ट्समन म्हणाला. मुख्याध्यापकांचा चेहरा मऊ झाला. माणूस सोडवता सोडवता गेला असेल, ते म्हणाले, असं अर्धवट ठेवू नये. जाताना त्यांनी ड्राफ्ट्समनच्या खांद्यावर हात ठेवला.

आज सकाळी सात वाजता वरच्या मजल्यावरून स्टूल ओढल्याचा आवाज आला. मुख्याध्यापकांच्या सदऱ्याच्या खिशात खडू आहे, हे आत्याने भोकातून पाहिलं. ओला बोळाही असावा, असं आईचं मत आहे.

दोघींनी आपापल्या खुर्च्या दाराबाहेर नेऊन मांडल्या आहेत, एक डबीखाली, एक फळीखाली. जिन्यात फर्निचर ठेवू नये, अशी सेक्रेटरींची नोटीस थोड्या वेळापूर्वी दारावर लागली आहे. ती सरळ लावलेली आहे.